दारावरचा विक्रेता आणि त्याचा शब्द

दुकानांत जाऊन माल घेणें आणि माल घेऊन कोणी दारीं येणें, या दोन व्यवहारांत वरवर पाहतां फरक थोडा दिसतो. परंतु विचार केला असतां तो फार मोठा आहे. दुकानदार आपल्या जागीं बांधलेला असतो. माल खोटा निघाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीं त्याच पायरीवर उभें राहून चार लोकांदेखत त्याला जाब विचारूं शकतें. दारावरचा विक्रेता माल देतो, पैसे घेतो आणि निघून जातो. मागें राहतो तो त्याचा शब्द. त्या शब्दाला जामीन कोण, हा प्रश्न खानदेशांतल्या घरांना नवा नाहीं. आज हाच विक्रेता ‘स्वतंत्र सल्लागार’ असें भारदस्त नांव धारण करून व्हॉट्सॲप आणि फेसबुक यांवरून घराघरांत शिरत आहे. त्यानें तेथें काय बोलावें आणि काय बोलूं नये, याविषयीं गेल्या कांहीं वर्षांत सरकारनें नियम केले. ते अगदीं कालचे भासतात. पण त्यांचीं पाळेंमुळें शोधूं लागल्यास दीडशें वर्षें मागें जावें लागतें.

खानदेशांत फिरत्या विक्रेत्यांची वाण कधींच नव्हती. मुंबईहून आग्र्यास जाणारा रस्ता धुळ्यावरून जातो, आणि तापीच्या खोऱ्यांतून बैलांवर मीठ व धान्य लादलेले लमाणांचे तांडे जात-येत असत. कासार बांगड्या घेऊन येई, बोहारीण जुन्या लुगड्यांवर भांडीं देऊन जाई, अत्तरवाला येई, जडीबुटीची झोळी घेतलेला वैदू येई, उधारीवर कापड देऊन पुढें हप्त्यांसाठीं दारांत ठाण मांडणारा काबुली पठाणही येई. या सर्वांना एकाच मापानें मोजणें बरें नव्हे. कासाराची बांगडी कच्ची असेल तर ती हातांत चढतांनाच फुटे, आणि शिवाय कासाराचें घर कोणत्या गांवीं आहे हें सर्वांस ठाऊक असे. वैदूची गोष्ट निराळी. त्याच्या मुळीचा गुण यावयाचा तो महिना-पंधरा दिवसांनीं, आणि तोंवर झोळी दहा गांवांच्या वेशी ओलांडून गेलेली असे. जो माल डोळ्यांना दिसतो त्याच्या विक्रीला कायद्याची गरज थोडी लागते. ज्याचा गुण पुढें दिसावयाचा असतो, त्याच्या विक्रेत्याच्या शब्दालाच कायद्याचा लगाम लागतो. पुढील सर्व इतिहास याच भेदाभोंवतीं फिरत आला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत आगगाडी जळगांव-भुसावळपर्यंत आली, आणि १९०० सालीं चाळीसगांवहून धुळ्यास फांटा निघाला. गाडीबरोबर छापील हस्तपत्रकें आलीं, आणि १८७७ पासून सुरू झालेल्या व्ही. पी. पोस्टानें दूरच्या कारखानदाराला घरबसल्या गिऱ्हाईक मिळूं लागलें. आतां माल करणारा एक, त्याचें गुणवर्णन करणारा दुसरा आणि पैसे घेणारा तिसरा, अशी फोड झाली. सुदैवानें त्याआधींच, १८७२ सालीं, करारांचा कायदा झाला होता. त्याच्या २३८ व्या कलमांत असें तत्त्व घातलें आहे कीं, एजंटानें धन्याच्या कामाच्या ओघांत केलेली खोटी बतावणी ही धन्यानेंच केली असें समजावें. जळगांवच्या कापूसबाजारांतील अडत्याला आणि दलालाला हें कलम वाचून दाखविण्याची गरज नव्हती. पेढीच्या माणसानें दिलेला शब्द म्हणजे पेढीचा शब्द, ही तेथली रीतच होती. मात्र एजंट न म्हणतां दुसरें कांहीं म्हटलें तर काय, हा पेंच त्या कलमानें सोडविला नाहीं. ‘स्वतंत्र’ या विशेषणाची करामत पुढें तेथेंच दिसून आली.

कमिशनवर घरोघर फिरणारा, पगारी नोकर नसलेला असा विक्रेता हिंदुस्थानांत प्रथम कायद्याच्या कक्षेंत आला तो विम्याच्या धंद्यांत. विमा एजंट विकतो तें तर डोळ्यांना मुळींच दिसत नाहीं. वीस-पंचवीस वर्षांनीं पाळावयाचें एक वचन तो विकतो. १९३८ च्या विमा कायद्यानें त्याला परवाना घ्यावयास लावलें, त्याच्या कमिशनला मर्यादा घातली, आणि ४१ व्या कलमानें आपल्या कमिशनांतला वांटा गिऱ्हाइकास देऊन त्याला भुलविण्यास बंदी केली. ही शेवटची तरतूद मोठी मार्मिक आहे. एजंट बहुधा आपल्याच जातगोतांत, आपल्याच आळींत धंदा करतो; तेथें भिडेला पैशाची जोड मिळाली म्हणजे विचाराला जागा उरत नाहीं, हें कायदा करणारांनीं ओळखलें होतें. १९५६ सालीं आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण होऊन महामंडळ स्थापन झालें, तरी एजंट तसाच राहिला. त्याच्या जोडीला रोज संध्याकाळीं दुकानोदुकानीं रुपया-दोन रुपये गोळा करणारा पिग्मी एजंट आला. ती योजना १९२८ सालीं दक्षिण कानडा जिल्ह्यांतील एका बँकेनें काढली आणि हळूहळू देशभर पसरली. माणूस ओळखीचा म्हणून ठेव सुरक्षित, असा एक भोळा समज तिच्या मागें असे. चालू शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जळगांव जिल्ह्यांतील कितीतरी सहकारी पतसंस्थांत लोकांच्या ठेवी अडकून पडल्या, तेव्हां त्या समजाची किंमत पुष्कळ कुटुंबांनीं मोजली.

वैदूच्या झोळीचा बंदोबस्त मात्र स्वातंत्र्यानंतर झाला. कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९३०-३१ सालीं औषधांच्या बाजाराची पाहणी केली, १९४० सालीं औषधांचा कायदा झाला. पण औषध कसें असावें हें ठरलें तरी त्याविषयीं काय बोलावें हें ठरलें नव्हतें. तें १९५४ च्या औषधें व जादूटोण्याचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयींच्या कायद्यानें ठरविलें. कर्करोग, मधुमेह यांसारखे ठराविक रोग अमक्या औषधानें बरे होतात, अशी जाहिरातच करूं नये असें त्यानें फर्माविलें. त्यांतील ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सूचना, परिपत्रक, चिठ्ठी, वेष्टण यांवर ती थांबत नाहीं. तोंडानें केलेली घोषणा, तसेंच प्रकाश, ध्वनि किंवा धूर यांच्या साधनानें केलेली घोषणा, हीही जाहिरातच, असें ती म्हणते. तोंडी घोषणा जाहिरात ठरली, म्हणजे यात्रेंतल्या पालापुढें ओरडणारा वैदू थेट कायद्याच्या कक्षेंत आला. या कायद्याला एका औषधालयानें आव्हान दिलें. १९५९ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें कायद्याचा कांहीं भाग रद्द केला. परंतु असल्या औषधांची जाहिरात करणें म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, हें तत्त्व त्यानें मान्य केलें. तें पुढें फार उपयोगीं पडलें.

इकडे हें चालू असतां अमेरिकेंत घरोघरच्या विक्रीनें निराळेंच रूप घेतलें होतें. १८८६ सालीं डेव्हिड मॅकॉनेल नांवाच्या पुस्तकविक्या गृहस्थानें अत्तरांची कंपनी काढली. पुस्तक घ्यावें म्हणून तो बायकांना अत्तराची कुपी भेट देई, आणि बायकांना पुस्तकापेक्षां कुपीच अधिक आवडे, असें सांगतात. शिक्षकांनीं यावर उसासा टाकावा. पण त्या कुपीतूनच पुढें ‘एव्हॉन’ ही प्रचंड कंपनी निघाली, आणि तिची विक्री करणाऱ्या हजारों स्त्रिया ना दुकानदार, ना नोकर, अशा होत्या. १९५१ सालीं टपरवेअर कंपनीनें आपले प्लास्टिकचे डबे दुकानांतून काढून घेतले आणि केवळ घरगुती मेळाव्यांतून विकावयास प्रारंभ केला. एका घरच्या बाईनें शेजारणींना चहाला बोलवावें आणि चहाबरोबर डबे विकावे, ही ती युक्ति. आपल्याकडील भिशी किंवा हळदीकुंकू डोळ्यांपुढें आणलें म्हणजे ती समजावयास वेळ लागत नाहीं. चहा प्यालेल्या बाईला रित्या हातानें उठणें किती जड जातें, हें कंपनीला पक्कें ठाऊक होतें.

याच अमेरिकेंत वायोमिंग संस्थानांत ग्रीन रिव्हर नांवाचें रेल्वेचें गांव आहे. तेथील पुष्कळ लोक रात्रपाळी करून दिवसा निजत, आणि विक्रेत्यांच्या घंटांनीं त्यांची झोंप मोडे. म्हणून १९३१ सालीं त्या गांवानें बोलावल्यावांचून दारीं येण्यास विक्रेत्यांना बंदी केली. भुसावळच्या रेल्वे वसाहतींतील लोकांना या ठरावाचें मर्म सांगावयास नको! नव्वद वर्षांनीं तीच कल्पना आपल्या देशाच्या नियमांत उतरली, तें पुढें येईलच.

कुपी आणि डबे हे तरी डोळ्यांना दिसणारे पदार्थ. परंतु लवकरच असे विक्रेते निघाले कीं जे डब्यांबरोबर, आणि कधीं कधीं डब्यांऐवजीं, मिळकतीची आशा विकूं लागले. तुम्हीं सभासद व्हावें, आणखी सभासद आणावे, त्यांनीं आणखी आणावे, आणि प्रत्येकाच्या वर्गणीचा वांटा वर चढत यावा, अशी ही साखळी. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या जेम्स राज समितीनें अशा योजना बंद कराव्या असें सुचविलें, आणि १९७८ सालीं बक्षिसी चिठ्ठ्या व पैसा फिरविण्याच्या योजना यांवर बंदी घालणारा कायदा झाला. योजना चालविणाराला तर त्यांत शिक्षा आहेच. पण तिचीं पत्रकें व जाहिराती छापणें आणि वांटणें हाही त्यांत स्वतंत्र अपराध आहे. म्हणजे साखळींतील शेवटचा माणूससुद्धां पत्रक वांटतांना निर्दोष राहत नाहीं.

या साखळीचें गणित चौथ्या इयत्तेंतील मुलालाही करतां येईल. प्रत्येकानें सहाच माणसें आणावीं असें धरूं. एकाचे सहा, सहांचे छत्तीस, छत्तीसांचे २१६, असें करीत आठव्या पायरीवर सर्व मिळून २०,१५,५३९ माणसें होतात. २०११ च्या शिरगणतींत धुळें जिल्ह्याची लोकसंख्या २०,५०,८६२ होती. म्हणजे पाळण्यांतल्या मुलांसुद्धां बहुतेक सबंध जिल्हा सभासद झाला. नवव्या पायरीला आणखी १,००,७७,६९६ माणसें हवीं. पण जळगांव जिल्ह्याचीं ४२,२९,९१७ माणसें मिळविलीं तरी दोन्ही जिल्ह्यांची बेरीज ६२,८०,७७९ च्या पुढें जात नाहीं. आणि आठव्या पायरीवरचीं जीं १६,७९,६१६ माणसें आहेत, त्यांच्या खालीं कोणीच नसल्यामुळें त्यांचे पैसे बुडावयाचेच. दर सहा सभासदांतले पांच बुडतात, तें लबाडीनें नव्हे तर गुणाकारानें.

खरी थेट विक्री आणि ही साखळी यांत सीमारेषा कोठें काढावी, हा प्रश्न १९७९ सालीं अमेरिकेंतील व्यापार आयोगापुढें ॲम्वे कंपनीच्या खटल्यांत आला. त्या कंपनीची योजना बेकायदा साखळी नव्हे, कारण तींत मोबदला माणसें भरती केल्याबद्दल नसून माल विकल्याबद्दल आहे, असा आयोगानें निर्णय दिला. परंतु विक्रेत्यांना किती मिळकत होते याविषयींचीं कंपनीचीं विधानें दिशाभूल करणारीं होतीं, असेंही त्यानें त्याच निकालांत नमूद केलें. लोकांना पहिलें वाक्य लक्षांत राहिलें. दुसरें बहुतेक विसरले.

१९९५ नंतर या कंपन्या एकामागून एक हिंदुस्थानांत आल्या. ओरिफ्लेम आली, टपरवेअर आली, १९९८ पासून ॲम्वेनें येथें विक्री सुरू केली. मोदीकेअरसारख्या देशी कंपन्याही निघाल्या. मुंबई-पुण्याहून हें लोण जळगांव-धुळ्यास पोहोंचावयास फार वेळ लागला नाहीं. नोकरी नसलेली पण शिकलेली गृहिणी, निवृत्त कारकून, शेतीच्या उत्पन्नावर न भागणारा तरुण, यांना हा धंदा भांडवलावांचूनचा वाटला. खरोखर पाहतां भांडवल होतें, आणि तें थोडेंथोडकें नव्हतें. बहीण, नणंद, मेहुणा, शेजारी, शाळेंतली मैत्रीण, हेंच तें भांडवल. कंपनी आपल्या कागदांत मात्र विक्रेत्याला नोकर म्हणेना आणि एजंटही म्हणेना. ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणे. या एका शब्दानें १८७२ चें कलम बाजूला सारतां येईल अशी सोय झाली. विक्रेत्यानें भुकटीनें मधुमेह जातो म्हटलें, तर तें त्याचें स्वतःचें मत. कंपनीनें तसें कोठेंच लिहिलेलें नाहीं! बोल विक्रेत्याचा, लाभ दोघांचा, आणि रोष मात्र विक्रेत्याच्या एकट्याच्या माथीं. औषधाचा गुण न आल्यास कंपनीचें एक गिऱ्हाईक जातें. विक्रेत्याच्या घरचें नातें जातें.

२००७ च्या जुलैंत आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयानें अशा एका योजनेला १९७८ चा कायदा लागू होऊं शकतो असें ठरविल्यावर, या धंद्याला स्वतंत्र नियम हवेत ही मागणी दोन्ही बाजूंनीं वाढली. केंद्र सरकारनें ९ सप्टेंबर २०१६ रोजीं मार्गदर्शक सूचना काढल्या. योगायोग असा कीं, त्याच्या चारच दिवस आधीं जिओचें स्वस्त इंटरनेट देशांत सुरू झालें होतें. सूचना लिहिणारांच्या डोळ्यांपुढें दारावर येणारा विक्रेता होता. आणि तो तर दार सोडून मोबाइलमध्यें निघाला होता. शिवाय त्या सूचना म्हणजे केवळ सल्ला होता. कंपनीच्या संमतीवांचून तिचा माल इंटरनेटवरील बाजारपेठांत विकूं नये असें त्यांत होतें, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं जुलै २०१९ मध्यें त्या आधारें मनाई हुकूमही दिला; परंतु ३१ जानेवारी २०२० रोजीं द्विसदस्य पीठानें तो रद्द केला, आणि या सूचना म्हणजे कायदा नव्हे असें स्पष्ट केलें.

कायदा आला तो २८ डिसेंबर २०२१ रोजीं, ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या अधिनियमाखालीं केलेल्या थेट विक्रीच्या नियमांच्या रूपानें. त्यांत ग्रीन रिव्हर गांवचा ठराव पुन्हा भेटतो. विक्रेत्यानें ओळखपत्र जवळ बाळगावें आणि आगाऊ वेळ ठरविल्याशिवाय कोणाच्या घरीं जाऊं नये. बोलण्यास आरंभ करतांनाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे आणि कशासाठीं आलों, हें खरें सांगावें. होणाऱ्या विक्रीचे किंवा मिळकतीचे खोटे आंकडे सांगूं नयेत. जें पडताळून पाहतां येत नाहीं असें विधान करूं नये. जें पाळतां येणार नाहीं असें वचन देऊं नये. कंपनीनें मान्य न केलेलें साहित्य वांटूं नये. सभासद होण्याबद्दल कंपनीनें प्रवेशशुल्क घेऊं नये. तक्रारीची पोंच कामकाजाच्या ४८ तासांच्या आंत द्यावी व ती महिन्याभरांत निकालांत काढावी. पण सर्वांत महत्त्वाचें कलम निराळेंच आहे. विक्रेत्यांच्या वागणुकीवर कंपनीनें देखरेख ठेवावी, आणि त्यांनीं केलेल्या विक्रींतून उद्‌भवणाऱ्या तक्रारींना कंपनी जबाबदार राहील, असें त्यांत म्हटलें आहे. ‘स्वतंत्र’ या शब्दानें जें दार उघडलें होतें तें अशा रीतीनें बंद झालें, आणि जळगांवच्या अडत्याची जुनी रीत पुन्हा मान्य झाली.

याचा परिणाम कंपन्यांच्या नियमपुस्तिकांत दिसतो. समाजमाध्यमांवरील पानाला कंपनीचेंच पान आहे असें भासविणारें नांव देऊं नये. आपण स्वतंत्र विक्रेते आहों असें लिहावें. ‘आधीं’ आणि ‘नंतर’ अशीं छायाचित्रें मनास येईल तशीं टाकूं नयेत. बँकेंत जमा झालेल्या रकमेचें किंवा नव्या मोटारीचें चित्र टाकून लोकांना भुलवूं नये. रोग बरा होतो असें तर कदापि म्हणूं नये. हे नियम कंपन्यांना एकाएकीं सुचलेल्या सदाचारामुळें झाले असें मानण्याचें कारण नाहीं. जबाबदारी अंगावर आली म्हणजे शब्द जपून वापरला जातो, इतकेंच.

तरी विक्रेता स्वतः मोकळा सुटला असें मात्र नव्हे. व्हॉट्सॲपवरचा स्टेटस चोवीस तासांनीं नाहींसा होतो आणि ओळखीच्याच लोकांना दिसतो, तेव्हां ती कसली जाहिरात, असें पुष्कळांस वाटतें. २०१९ च्या अधिनियमांतील व्याख्या पाहिली म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. १९५४ चे प्रकाश, ध्वनि आणि धूर तींत जसेच्या तसे आहेत; त्यांच्या पंक्तीला वायु, मुद्रण, इलेक्ट्रॉनिक माध्यम, इंटरनेट आणि संकेतस्थळ हीं येऊन बसलीं आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करूं शकतें. हा दंड माल करणारासच नव्हे, तर मालाची शिफारस करणारासही होऊं शकतो, आणि त्याला एक वर्षपर्यंत शिफारस करण्यास बंदीही घालतां येते. बचाव एकच आहे. बोलण्यापूर्वीं आपण विधानाची योग्य ती खातरजमा केली होती, हें शिफारस करणाराला दाखवितां आलें पाहिजे. ‘कंपनीच्या सभेंत असें सांगितलें होतें’ एवढ्यावर ती खातरजमा होते काय, याचा विचार जळगांवच्या रिंग रोडवरील किंवा धुळ्याच्या देवपुरांतील विक्रेत्या भगिनीनें चित्र पुढें ढकलण्यापूर्वींच करावयास हवा.

९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीं, आणि जानेवारी २०२३ मध्यें निघालेल्या त्यांच्या खुलाशानें, आणखी एक गोष्ट घालून दिली. शिफारस करणाराला त्या मालापासून कांहीं लाभ होत असेल, मग तो पैशाचा असो वा फुकट मिळालेल्या वस्तूचा, तर तो त्यानें उघड सांगितला पाहिजे. चित्र असेल तर तें चित्रावरच दिसावें. चित्रफीत असेल तर दिसावें आणि ऐकूंही यावें. थेट प्रक्षेपण असेल तर सबंध वेळ दिसत राहावें. ऑगस्ट २०२३ मध्यें आरोग्याविषयीं बोलणारांसाठीं याहून कडक सूचना निघाल्या. मावशीनें भाचीला ‘ही भुकटी घे, मला गुण आला’ असें सांगणें हा घरगुती सल्ला असतो. त्या डब्यामागें मावशीला कमिशन असेल, तर भाचीला तें आधीं कळलें पाहिजे.

आणि हा खुलासा ज्या भाषेंत मालाची स्तुति केली असेल त्याच भाषेंत असावा, असा दंडक आहे. वर मराठींत दोन मिनिटें गुणगान आणि खालीं बारीक इंग्रजी अक्षरांत ‘सशुल्क प्रसिद्धि’, हें त्यामुळें चालत नाहीं. अमळनेर, पारोळें, शिरपूर, शिंदखेडें या बाजूंच्या विक्रेत्या चित्रफितींत मोकळेपणानें अहिराणी बोलतात, कारण गिऱ्हाईक घरच्या भाषेला चटकन वळतें. त्यांना आपलें कमिशनही आतां अहिराणींतच सांगावें लागेल.